ट्रॅक्टर गेला, तरी हक्क सोडू नका

सभासद बंधूंनो, ट्रॅक्टर चोरीला गेला तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आम्ही सांगतो, आधी पोलिसांत फिर्याद द्या, विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. अपघातात दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर वाहन पूर्ण निकामी धरतात. चोरी असो वा हे, भरपाई त्याच किमतीवर ठरते. तीवर पुन्हा घसारा लागत नाही. 'एवढंच मिळेल, घ्या' म्हटलं, की लगेच सही ठोकू नका. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा, हिशेब लेखी घ्या. तरीही दाद मिळाली नाही, तर नकारापासून वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करा. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.