रेक्टर: वसतिगृहाच्या पलीकडचे पद

‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर स्टीफन्स हे गोव्यात सासष्टीच्या जेज्वीट कॉलेजचे रेक्टर होते, असा उल्लेख त्यांच्या चरित्रात येतो. महाराष्ट्रात शिकलेला वाचक तिथे जरा थबकतो. आपल्याकडे रेक्टर म्हणजे वसतिगृहाचे प्रमुख. रात्रीची हजेरी घेणारे, मेसच्या तक्रारी ऐकणारे, गावी जायच्या अर्जावर सही करणारे. मग १६१६ साली रायतूरला छापल्या गेलेल्या त्या मोठ्या मराठी काव्याचा कर्ता मुलांच्या खोल्या तपासत होता की काय?

तसे नव्हते. जेज्वीट संघात रेक्टर हा सबंध कॉलेजचा प्रमुख. १५९९ च्या ‘राशिओ स्टुडिओरम’ या शिक्षणविषयक नियमावलीत रेक्टरसाठी स्वतंत्र नियम आहेत. वर्गांचा रोजचा कारभार पाहणारा प्रीफेक्ट त्याच्या हाताखाली काम करी. आजही मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रेक्टर आणि प्राचार्य ही दोन निराळी पदे आहेत. तेव्हा ‘रेक्टर म्हणजे प्राचार्यच’ ही समजूतही खरी नाही. वसतिगृहाचा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण मूळ पदाचा तो फार लहान तुकडा आहे.

दुसरा समज असा की हे पद मुळात चर्चचे आणि विद्यापीठांनी ते तिथून उचलले. रेक्टर या लॅटिन शब्दाचा अर्थ दिशा देणारा, शासन करणारा. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात प्रांतांच्या राज्यपालांना रेक्टर म्हणत. चर्च आणि विद्यापीठ या दोघांच्याही आधी हे पद सरकारी दफ्तरात होते.

विद्यापीठांतल्या पहिल्या रेक्टरांची गोष्ट तर आज वाचतानाही अचंबा वाटतो. इटलीतल्या बोलोन्याला कायदा शिकायला दूरदूरच्या देशांतून तरुण येत. परक्या शहरात त्यांना नागरिकाचे हक्क नव्हते. घरमालक वाटेल ते भाडे मागत. म्हणून त्यांनी आपले संघ बांधले, एक आल्प्सच्या अलीकडच्यांचा आणि एक पलीकडच्यांचा, आणि प्रत्येक संघाने आपल्यातलाच एक विद्यार्थी रेक्टर म्हणून निवडला. प्राध्यापकांना या रेक्टरच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावी लागे. तास उशिरा सुरू केला तर दंड, ठरलेल्या वेळेपलीकडे लांबवला तरी दंड. व्याख्यानाला पाचसुद्धा विद्यार्थी जमले नाहीत तर प्राध्यापक गैरहजर होता असे धरून दंड. परवानगीवाचून गाव सोडायची सोय नव्हती. पॅरिसची रीत वेगळी. तिथे रेक्टर अध्यापकांमधून निवडला जाई आणि त्याची मुदत अवघी तीन महिन्यांची असे. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान होती. रेक्टर वरून नेमलेला अधिकारी नव्हता, त्याला त्याच्या समाजाने निवडलेले असे. माझ्या मते या पदाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि नेमकी तीच आज सर्वांत कमी ठाऊक आहे.

चर्चमधल्या रेक्टरविषयीचा गोंधळ निराळा. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना रेक्टर आणि व्हिकर एकच वाटतात, कारण दोघेही गावच्या चर्चचे पाद्री. फरक होता उत्पन्नाचा. गावकरी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देत. धान्य, गवत, लाकूड हा मोठा वाटा रेक्टरचा. पुष्कळ गावांत हे रेक्टरपण एखाद्या मठाने आपल्याकडे घेतले आणि प्रत्यक्ष कामासाठी बदली पाद्री ठेवला. तो व्हिकर. त्याच्या वाट्याला भाजीपाला, कोकरे, अंडी असा किरकोळ दशमांश येई.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले. त्यांच्या जमिनी आणि दशमांशाचे हक्क सामान्य गृहस्थांकडे गेले, आणि पाद्री नसलेली माणसेही ‘रेक्टर’ झाली. हक्काबरोबर चर्चमधल्या वेदीकडच्या भागाच्या दुरुस्तीचे कर्तव्यही त्यांच्याकडे आले. हे कर्तव्य जमिनीला असे चिकटून राहिले की वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅन्टलो गावच्या एका शेतजमिनीच्या मालकांना चर्चच्या दुरुस्तीचा खर्च भरावा लागेल, असा निकाल २००३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला. रेक्टर हे नुसते मानाचे बिरुद आहे असे समजणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

कॅथलिक चर्चमध्ये वाटणी वेगळी आहे. गोव्यात गावच्या पॅरिशचा प्रमुख तो पाद्र विगार. पण जुन्या गोव्यातल्या बॉम जेजू बॅसिलिकेचे प्रमुख रेक्टर म्हणवतात. १९८३ च्या चर्च-कायद्यानुसार पॅरिश नसलेल्या चर्चची जबाबदारी ज्या पाद्रीकडे असते तो रेक्टर. सेमिनरीच्या प्रमुखालाही रेक्टरच म्हणतात. विगारापेक्षा रेक्टर मोठा किंवा धाकटा असे काही नसते. त्यांच्याकडे सोपवलेली कामे भिन्न.

आता कुलगुरूंशी तुलना. जर्मनीतल्या कित्येक विद्यापीठांत, तसेच पोलंड आणि स्पेनमध्ये रेक्टर म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, आपल्या कुलगुरूंच्या बरोबरीचा. भारतात तसे नाही. बनारस हिंदू विद्यापीठात आणि दिल्लीच्या जेएनयूत रेक्टर हा कुलगुरूंच्या खालचा अधिकारी. मुंबई विद्यापीठातही असे पद होते आणि प्रा. जी. डी. पारीख यांनी ते सांभाळले. त्याच बनारसच्या १९१५ च्या कायद्यात ‘लॉर्ड रेक्टर’ नावाचे आणखी एक मानाचे पद होते. ते खुद्द गव्हर्नर जनरलकडे असे.

हे ‘लॉर्ड रेक्टर’ नाव स्कॉटलंडमधले. तिथल्या जुन्या विद्यापीठांत बोलोन्याची रीत अजून जिवंत आहे. रेक्टर तीन वर्षांसाठी असतो आणि विद्यार्थी त्याला मतदानाने निवडतात. (एडिंबरोत कर्मचारीही मत देतात.) तो शोभेचा पाहुणा असतो हा समजही खरा नाही, कारण विद्यापीठाच्या कारभारी मंडळाच्या, म्हणजे कोर्टाच्या, बैठकीचे अध्यक्षपद हा त्याचा हक्क आहे. सेंट अँड्र्यूजच्या विद्यार्थ्यांनी जे. एम. बॅरी आणि त्यांच्यानंतर रडयार्ड किपलिंग यांना निवडले. १९७२ साली एडिंबरोच्या मतदारांनी गॉर्डन ब्राऊन या आपल्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला रेक्टर केले. पुढे ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. आणि १९६२ साली ग्लासगोच्या विद्यार्थ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले वर्णद्वेषविरोधी नेते अल्बर्ट लुथुली यांना निवडून दिले. तिथल्या वर्णद्वेषी सरकारने त्यांच्या हालचालींवर बंदी घातलेली होती. ते ग्लासगोला येऊ शकणार नाहीत हे ठाऊक असूनच विद्यार्थ्यांनी त्यांना मते दिली होती.