जुना संगणक भंगारात देण्याआधी: लिनक्सबद्दलचे पाच गैरसमज

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे वसई-विरारमधल्या घरांतले, क्लासेसमधले, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतले धडधाकट संगणकही बाद ठरू लागलेत. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर त्यांतले बरेच अजून कामाला येतील. आड येतात ते गैरसमज.

गैरसमज: लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करणं.
वस्तुस्थिती: लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या अवतारात खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, सगळं ओळखीचं. अपडेटही माउसने होतात. रॅम ४ जीबीच असेल, तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी.

गैरसमज: लिनक्स टाकली की फोटो आणि फाइली गेल्याच.
वस्तुस्थिती: आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येते, हार्डडिस्कला हातही लागत नाही. तेवढ्यात वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्यावेत. इन्स्टॉल करताना मात्र ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, तर सगळं खरोखरच जातं. म्हणून बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर.

गैरसमज: लिनक्सवर मराठी टाइप होत नाही.
वस्तुस्थिती: सेटिंग्जमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला की झालं. ‘विरार’ लिहायला बी, एफ, जे, ई, जे या कळा; ‘वसई’साठी बी, एम आणि शिफ्ट धरून आर. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर. अक्षरं युनिकोडमध्ये उमटतात, त्यामुळे मेल असो वा व्हॉट्सॲप, मजकूर सगळीकडे नीट दिसतो.

गैरसमज: विंडोजवरचं सगळं लिनक्सवरही चालेल.
वस्तुस्थिती: नाही. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतात, पण मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट अडखळू शकतात. श्रीलिपीच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या हिशेबनिसाने त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावं. ज्याचा धंदाच टॅलीवर चालतो, त्याने त्या मशीनवर विंडोजच ठेवावी.

गैरसमज: फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नसतो.
वस्तुस्थिती: उबुंटू या लिनक्सच्याच अवताराच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्टच्या, आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा-अपडेट मोफत मिळतात आणि मिंटची मुख्य आवृत्ती त्याच पायावर उभी आहे. शिकायचं असेल, तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून मोफत आहेत.

तेव्हा आधी आपल्या रोजच्या कामांची यादी करा. ब्राउझर, पत्रव्यवहार, अभ्यास, सिनेमे एवढंच त्यात असेल, तर नव्या संगणकावर पैसे घालू नका. बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहा आणि मगच ठरवा.