जुन्या स्टिरिओला सबवूफर जोडताय? आधी अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू बघा

धाराशिव : संबळ हे एक वाद्य नव्हे, जोडी आहे. एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खर्जातला. तुळजाभवानीच्या गोंधळाची जुनी कॅसेट घरच्या डेकवर लावली की उंच आवाज येतो, खर्ज मात्र छोट्या स्पीकरमध्ये हरवतो. मग सबवूफर आणला जातो आणि स्पीकरच्याच तारांना जोडून दिला जातो. जुने अ‍ॅम्प्लिफायर जळण्याची भीती असते ती इथेच.

गणित साधे आहे. स्पीकर ८ ओहमचा आणि त्याच तारांवर ४ ओहमचा साधा सबवूफर लावला, तर एकूण रोध साधारण २.७ ओहमवर येतो. म्हणजे त्याच आवाजाला करंट तिप्पट. आउटपुटचा आयसी तापतो, आणि जुन्या मॉडेलचा अस्सल आयसी आता सहज मिळत नाही.

त्यामुळे स्वतःची पॉवर कॉर्ड असलेला, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह सबवूफरच घ्या. त्याच्या मागे ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ इनपुट असेल तर काम सोपे. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढा, स्पीकरच्या तारा आहेत तशाच ठेवा आणि त्याच टर्मिनलवरून आणखी एक जोडी सबवूफरला न्या. हे इनपुट जवळजवळ करंट घेतच नाही. लालला लाल, काळ्याला काळी. पण डाव्या-उजव्या बाजूच्या काळ्या तारा एकमेकींना जोडू नका.

सबवूफरला फक्त आरसीए पिनचे इनपुट असेल तर? स्पीकरची तार थेट त्यात कधीही घालू नका, तो जळू शकतो. गाडीच्या म्युझिक सिस्टीमच्या दुकानात ‘हाय-टू-लो कन्व्हर्टर’ मिळतो, तो मध्ये लावा. काही जण ‘टेप आउट’मधून सिग्नल घेतात. चालते, पण त्यावर अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्यूम लागू होत नाही. गाणे हळू केले तरी सबवूफर तेवढाच घुमतो आणि दर वेळी उठून त्याचे बटण फिरवावे लागते. मला तरी हा वैताग वाटतो.

क्रॉसओव्हरचे बटण ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा. स्पीकर फारच छोटे असतील तर थोडे वर न्या. फेजचा स्विच ० आणि १८० वर करून पाहा. ज्या बाजूला खर्ज भरीव वाटेल, ती बाजू बरोबर. सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. अर्थिंगची पिन मात्र तोडू नका.

कॅसेटमध्येच खर्ज नोंदला गेला नसेल तर सबवूफर तो निर्माण करू शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

शेवटी जागा. कोपऱ्यात ठेवला की आवाज वाढतो, पण बऱ्याचदा नुसता घुमतो. त्यापेक्षा सबवूफर थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणे लावा आणि खोलीत भिंतीकडेने वाकून फिरा. खर्ज जिथे स्वच्छ ऐकू येईल, सबवूफर तिथे ठेवा.