ऊर्जेचा जमाखर्च

मुलगी पदार्थविज्ञान घेऊन एम. एस्सी. होणार म्हटले, की आपल्या घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : ‘‘पुढे काय? कॉलेजात शिकवणार?’’ त्यातून तिने ‘ऊर्जा’ हा खास विषय निवडला, तर वडीलमंडळींना शंका येते, की हे शास्त्र आहे की सूर्यचुलीचा प्रचार? तेव्हा या अभ्यासात शिकवतात तरी काय, ते पाहू या.

पहिला धडा दोनशे वर्षांचा जुना आहे. सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने १८२४ साली दाखवून दिले, की उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राच्या कार्यक्षमतेला एक कमाल मर्यादा असते व ती गरम आणि थंड बाजूंच्या तपमानांवरून ठरते. वाफ ५४० अंश सेल्सियस आणि थंड बाजू ३० अंश धरली, तर ही मर्यादा ६३ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात कोळशाच्या वीजकेंद्रात १०० भाग उष्णतेतून ३५ ते ४० भागच वीज हाती लागते. उरलेली उष्णता बव्हंशी थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. पवनचक्कीचेही तसेच. वाऱ्यातील सगळी शक्ती काढून घेतली, तर वारा पात्यांमागे थबकेल आणि मागून येणाऱ्याला वाटच उरणार नाही! म्हणून तिची मर्यादा ५९ टक्के.

खरी गंमत आहे ती सूर्यघटात. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा घट केला, तो उन्हातील सुमारे ६ टक्केच ऊर्जा विजेत बदलत असे. १९६१ साली शॉक्ली व क्वाइसर यांनी गणित मांडले : दुबळे प्रकाशकण सिलिकॉनमधून आरपार जातात, जोरकस कणांची जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून साध्या उन्हात एकाच पदार्थाच्या घटाला ३३ टक्क्यांच्या आसपास थांबावे लागते. मग दोन पदार्थांचे थर एकावर एक चढवले तर? प्रयोगशाळांतून असे घट ही मर्यादा ओलांडून गेले आहेत. मर्यादा नेमकी कळली, म्हणूनच वाट सापडली.

आणि हे सारे प्रयोगशाळेतच राहते असे नाही. निळ्या एल. ई. डी.साठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. ६० वॉटच्या जुन्या बल्बाइतका उजेड आज ९ वॉटचा दिवा देतो. विजेच्या बिलातील हा फरक गृहिणीला समजावून सांगायला नको.

नोकरीची हमी मात्र कोणतीच पदवी देत नाही. म्हणून प्रवेश घेताना पालकांनी एवढे जरूर विचारावे : उष्मागतिकी आणि अर्धवाहकांचे शास्त्र पुरते शिकवतात का? विद्यार्थी स्वतः मोजमाप करतो का? अखेरीस स्वतंत्र प्रकल्प असतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर मुलीला खुशाल जाऊ द्यावे. ‘आमचे यंत्र फुकट वीज देते’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला दारातच नेमका प्रश्न विचारणारे माणूस घरात असणे, हेही काही थोडे नव्हे!