चाकरमानी उपनगरात, धूर डहाणूत

मुंबई, प्रतिनिधी

खेडी ओस पडली की प्रदूषणही घटते, असा एक सर्वसाधारण समज आहे. कोकणाच्या बाबतीत तो तपासून पाहण्याजोगा आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही सुमारे १९ हजारांची घट झाली. त्याच काळात मुंबई उपनगर जिल्ह्यात ७ लाखांहून अधिक माणसे वाढली. ही सारी वाढ अर्थातच कोकणातली नव्हे. पण भांडुप, घाटकोपर, बोरिवलीत चाकरमानी किती, हे सांगायला जनगणनेची गरज नाही.

गावी चुलीत लाकूड जळते. त्या धुराने घरातील स्त्रियांच्या फुप्फुसांची हानी होते, हे खरेच. परंतु तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढले, तर हवेत गेलेला कार्बन त्यात पुन्हा साठतो. उपनगरातील सदनिकेचा हिशेब निराळा. फ्रिज, लिफ्ट, गच्चीवर पाणी चढविणारा पंप आणि आता एसी, हे सारे विजेवर चालते आणि वीज मुख्यत्वे कोळशावर. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला तो कार्बन परत जमिनीत जात नाही. उपनगरांना वीज पुरविणारे डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५ पासूनचे. दिवा बोरिवलीत लागतो, धूर चिकूच्या बागांशेजारी निघतो. चिमणी जेथे तेथे उत्सर्जन मोजले, तर ते पालघर जिल्ह्याच्या नावे पडते. वापरणाऱ्याच्या दारी मोजले, तर आपल्या.

महापालिकेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्यानुसार २०१९ मध्ये मुंबईचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. त्यातील ७० टक्क्यांच्या आसपास वाटा इमारतींतील ऊर्जावापराचा, तर वाहतुकीचा सुमारे २० टक्के. लोकलच्या गर्दीला रोज बोल लावणाऱ्यांनी हा दुसरा आकडा जरूर पाहावा.

मागे राहिलेल्या गावात काय होते? पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो. खाचर पडीक राहिले की तो थांबतो. हळूहळू रान माजते, आईन-किंजळ उभे राहतात आणि त्यांच्या खोडांत कार्बन साठू लागतो. गाव रिकामे होण्याचा लाभ म्हणायचा तो एवढाच, आणि तोही टिकाऊ नाही. कोकणातील बहुतांश रान खासगी आहे. सातबाऱ्यावर डझनभर नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. गणपतीच्या चार दिवसांच्या सुट्टीत ठेकेदाराशी व्यवहार ठरतो आणि पंचवीस-तीस वर्षांचे रान जळण म्हणून ट्रकमध्ये भरले जाते.