फुलराणीची वही

२२ ऑक्टोबर १९४७. लंडनच्या हिपोड्रोम थिएटरात 'स्टारलाइट रूफ' या नव्या कार्यक्रमाचा पहिला प्रयोग सुरू आहे. फुग्यांचे प्राणी करून दाखवणारा विनोदी नट प्रेक्षकांतल्या मुलांना विचारतो, फुगा कोणाला हवा? बारा वर्षांची एक मुलगी खुर्चीतून उठून रंगमंचावर जाते. तुला काय येतं, असं त्याने विचारल्यावर ती म्हणते, मला गाता येतं. मग अँब्रॉज तोमा याच्या 'मिन्यों' या ऑपेरातलं, कसलेल्या गायिकांनाही घाम फोडणारं टायटानियाचं पद ती गाते. टाळ्या थांबेनात. पुढचा प्रवेश खोळंबला.

गंमत अशी की आदल्याच दिवशी तिला कार्यक्रमातून वगळायचं ठरलं होतं. या शहरी, चटपटीत खेळात एवढी निरागस पोर शोभणार नाही, असं निर्मात्यांना वाटलं होतं. तिच्या आईने आणि एजंटाने गळ घातली म्हणून ती राहिली. पुढे वर्षभर ती रोज हेच पद गात राहिली. मुलांनी रात्री उशिरापर्यंत काम करू नये, असा कायदा असल्यामुळे शेवटी सगळे नट नमस्काराला उभे राहत तेव्हा ही मुलगी घरच्या वाटेवर असे.

ती ज्युली अँड्र्यूज. जगभरच्या प्रेक्षकांना ती ठाऊक आहे छत्री उघडून आकाशातून उतरणारी मेरी पॉपिन्स म्हणून आणि 'द साउंड ऑफ म्युझिक'मधल्या डोंगरमाथ्यावर गिरकी घेणारी मारिया म्हणून. सिनेमांनी तिला घराघरांत नेलं हे खरंच. पण ती मूळची रंगभूमीची. आणि तिच्या नावावर तीसहून जास्त पुस्तकं आहेत. तिच्याविषयी नेहमी सांगितलं जातं ते असं: आवाज गेला, म्हणून बिचारी लिहायला लागली. ही गोष्ट ऐकायला हळवी वाटते, पण ती खरी नाही. आवाज गेला १९९७ साली, आणि तिचं पहिलं पुस्तक आलं १९७१मध्ये. गळा ऐन भरात असतानाच तिने लेखणी हाती घेतली होती.

ज्युलीचा जन्म १ ऑक्टोबर १९३५चा, लंडनजवळच्या वॉल्टन-ऑन-थेम्सचा. वडील टेड वेल्स शिक्षक, आई बार्बरा पियानो वाजवणारी. युद्धाच्या धामधुमीत आई टेड अँड्र्यूज या गायकाबरोबर राहू लागली आणि मुलीला त्याचं आडनाव लागलं. सावत्र बापानेच तिला गाण्याचे पहिले धडे दिले. एवढ्याशा गळ्यातून निघणारा आवाज ऐकून डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी सांगितलं की हिचा कंठ जवळपास मोठ्या बाईसारखा वाढलेला आहे. मग तिला लिलियन स्टाइल्स-ॲलन या बाईंकडे पाठवण्यात आलं. त्या लीड्सला राहत, म्हणजे लंडनहून बऱ्याच दूर. ज्युली त्यांच्या घरी मुक्काम करून शिके. सूर कितीही उंच जावो, शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे, हा बाईंचा आग्रह. ज्युलीचं कुठलंही गाणं कानांवर पडलं तर त्यातलं एकेक व्यंजन मोजून घ्यावं इतकं सुटं ऐकू येतं, ते या शिकवणीमुळे. तिची पुस्तकं वाचतानाही हाच स्वच्छपणा जाणवतो.

तेराव्या वर्षी तिने लंडनच्या पॅलेडियममध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्यासमोर गायलं. त्यानंतरची वर्षं मात्र धकाधकीची. आई पियानोवर, सावत्र बाप गायला आणि ही पोर सोबतीला, असा गावोगावचा फिरता संसार. त्याच्या जोडीला रेडिओ आणि नाताळातले पँटोमाइमचे खेळ. सावत्र बापाचं पिणं वाढत गेलं, तसा घरखर्चाचा भार या मुलीच्या गळ्यावर आला.

१९५४मध्ये 'द बॉय फ्रेंड' हे संगीत नाटक घेऊन ती न्यूयॉर्कला गेली. करार दोन वर्षांचा पुढे आला होता, पण घरच्यांच्या काळजीने तिने एकाच वर्षाला होकार दिला. हा हट्ट पथ्यावर पडला. वर्ष संपताना ती मोकळी होती, आणि तेव्हाच ॲलन जे लर्नर व फ्रेडरिक लोव हे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेल्या संगीत नाटकासाठी नायिका शोधत होते. ते नाटक म्हणजे 'माय फेअर लेडी'. मराठी वाचकाला त्यातल्या फुलवालीची, एलायझाची, वेगळी ओळख करून द्यायला नको. पु. ल. देशपांडे यांनी त्याच 'पिग्मॅलियन'वरून १९७५मध्ये 'ती फुलराणी' केलं आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेने अवघा महाराष्ट्र जिंकला.

पण तालमी सुरू झाल्या तेव्हा ज्युलीला एलायझा सापडेना. ती वीस वर्षांची, गाण्यात तयार, पण एवढी मोठी गद्य भूमिका कधी केलेली नाही. समोर रेक्स हॅरिसनसारखा मुरलेला नट, आणि त्याची नाराजी उघड दिसणारी. ही मुलगी बदलावी लागणार, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्टने सगळ्या संचाला दोन दिवस सुट्टी दिली आणि शनिवार-रविवार फक्त ज्युलीला घेऊन बसला. रिकामं थिएटर, एक दिग्दर्शक आणि एक घाबरलेली मुलगी. हार्टने आधीच बजावलं होतं, गोड बोलायला वेळ नाही. मग एकेक प्रवेश, एकेक वाक्य. इथे तू शाळकरी पोरीसारखी बोलतेस, इथे चिडत नाहीस, नुसती चिडल्याचा आव आणतेस, पुन्हा कर. फुलांची टोपली हातात कशी धरायची, चप्पल फेकून कशी मारायची, इथपर्यंत त्याने करून दाखवलं. सोमवारी संच परतला तेव्हा एलायझा उभी राहिलेली होती. आपल्या घडणीचं श्रेय ज्युलीने पुढे आयुष्यभर या दोन दिवसांना दिलं.

१५ मार्च १९५६ला ब्रॉडवेवर पडदा उघडला आणि त्या निर्मितीचे एकंदर २,७१७ प्रयोग झाले. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षं आणि लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये दीड वर्ष, अशी साडेतीन वर्षं ज्युली एलायझा करत होती. तिकडे आठवड्याला आठ प्रयोग असतात: सहा रात्रीचे, दोन दुपारचे. पहिल्या अंकात घसा खरवडून ओरडणारी फुलवाली आणि नंतर पारदर्शक सुरांत गाणारी सुसंस्कृत स्त्री, असे एकाच गळ्यातून दोन आवाज रोज काढायचे. इतकी वर्षं ते निभावणं म्हणजे जिद्दीचीच परीक्षा.

१९६०मध्ये लर्नर-लोव यांचंच 'कॅमलॉट' आलं. रिचर्ड बर्टन राजा आर्थर, ज्युली राणी ग्विनिव्हियर. ज्या कादंबरीवरून ते घेतलं तिचा लेखक टी. एच. व्हाइट याचा जन्म १९०६ साली मुंबईत झालेला. या एकलकोंड्या लेखकाशी ज्युलीची घट्ट मैत्री जमली. तो ऑल्डर्नी या छोट्या बेटावर राहायचा, आणि तिने व तिचा पहिला नवरा, नेपथ्यकार टोनी वॉल्टन याने त्याच बेटावर घर घेतलं. लेखक रोजचं कसं जगतो, हे तिने तिथे जवळून पाहिलं.

पुढची हकीकत सर्वांना पाठ आहे. 'माय फेअर लेडी'च्या सिनेमात निर्माता जॅक वॉर्नरने तिला न घेता ऑड्री हेपबर्नला घेतलं. वॉल्ट डिस्ने 'कॅमलॉट' पाहून 'मेरी पॉपिन्स'ची भूमिका घेऊन तिच्याकडे आला होता; ती गरोदर आहे म्हटल्यावर थांबायला तयार झाला. 'मेरी पॉपिन्स'साठी १९६५मध्ये तिला ऑस्कर मिळालं, आणि त्याच वर्षी 'द साउंड ऑफ म्युझिक' आला.

आता त्या पहिल्या पुस्तकाकडे. १९६९मध्ये तिने दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सशी लग्न केलं. त्याची मुलं आणि हिची मुलगी एकाच घरात, एकमेकांना चाचपत राहणारी. घरात पैजेचा एक खेळ चालला होता. त्यात ज्युली हरली, आणि शिक्षा म्हणून सावत्र मुलीने फर्मावलं: मला एक गोष्ट लिहून दे. चार पानांत भागलं असतं. पण बाई तालमीला बसावी तशी लिहायला बसली आणि 'मँडी' ही अख्खी कादंबरी झाली. अनाथाश्रमातली मँडी भिंतीवर चढून पलीकडे जाते. तिला एक ओसाड बंगली सापडते, जिची एक खोली आतून शिंपल्यांनी मढवलेली आहे. ती बंगली झाडून-पुसून, बाग लावून ती आपल्यापुरतं घर उभं करते. मोडक्या संसारात वाढलेल्या बाईने, नुकत्याच सांधल्या जाणाऱ्या संसारातल्या मुलीसाठी ही गोष्ट लिहावी, हे मला तिच्या सबंध लेखनातलं सगळ्यात हृद्य वाटतं. पुस्तकावर नाव घातलं ज्युली एडवर्ड्स. नटीच्या कीर्तीवर पुस्तक विकायचा मोह तिने टाळला.

१९७४चं 'द लास्ट ऑफ द रिअली ग्रेट व्हँगडूडल्स' याहून खट्याळ आहे. शब्दकोशात तिला 'व्हँगडूडल' हा विचित्र शब्द सापडला, आणि त्या शब्दातून प्राणी निघाला: शिंगांचा, एकटा उरलेला, ज्याच्या पायांनाच सपाता उगवतात. एक प्राध्यापक तीन भावंडांना त्याच्या देशात नेतो, पण आधी त्यांना शिकवणी देतो. नीट बघा, नीट ऐका, वास घ्या. मगच कल्पनेच्या गावाला जाता येतं. ही प्राध्यापकाची शिकवणी वाचताना लीड्सच्या त्या गाण्याच्या बाई आठवतात.

१९९५मध्ये ती 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' घेऊन ब्रॉडवेवर परतली. पुढच्या वर्षी टोनी पुरस्कारांसाठी या नाटकाला एकच नामांकन मिळालं, तिचं स्वतःचं. बाकीच्या संचाची दखल घेतली नाही म्हणून एका दुपारच्या प्रयोगानंतर तिने रंगमंचावरूनच ते नामांकन नाकारलं. प्रयोगामागून प्रयोग करताना घसा बसू लागला, आणि १९९७मध्ये स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो आवाज परत आला नाही. प्रकरण कोर्टात गेलं, २०००मध्ये तडजोड झाली. बाराव्या वर्षी ज्या गळ्याने थिएटर थांबवलं होतं, त्या गळ्याचं हे असं व्हावं, याची हळहळ अजून जात नाही.

मुलगी एमा वॉल्टन हॅमिल्टन या काळात तिच्या पाठीशी उभी राहिली. गाता येत नाही म्हणून आई खंतावली, तेव्हा एमा म्हणाली की आवाज वापरायची दुसरी वाट तुला सापडली आहे. दोघींनी मिळून लिहायला सुरुवात केली ती एमाच्या लहानग्या मुलासाठी. त्याला ट्रकचं वेड, आणि ट्रकची बरी गोष्ट बाजारात मिळेना. त्यातून २००० साली 'डम्पी द डम्प ट्रक' आलं, टोनी वॉल्टनच्या चित्रांसह. घटस्फोटाला तीसेक वर्षं उलटून गेलेले आईबाप आणि त्यांची लेक एका पुस्तकात एकत्र आले. 'द ग्रेट अमेरिकन माउसिकल'मध्ये (२००६) ब्रॉडवेच्या एका थिएटरखाली उंदरांची नाटक कंपनी आहे. वरचं थिएटर पाडायचा घाट घातलेला असताना खाली त्यांच्या तालमी चालू असतात. त्यातली लगबग जिवंत वाटते, कारण लिहिणारीने ती अंगावर घेतलेली आहे. २०१०च्या 'द व्हेरी फेअरी प्रिन्सेस'मधली गेराल्डीन गुडघे खरचटलेली आणि तरीही स्वतःला परीराजकन्या समजणारी. हे पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिलं आलं.

तिच्या लेखनातलं सर्वांत भारी पुस्तक मात्र २००८चं आत्मचरित्र 'होम'. लहानपणी तिने उच्चारलेला पहिला स्पष्ट शब्दही 'होम' हाच होता, असं तिला घरच्यांनी सांगितलेलं. टेड वेल्स आपले जन्मदाते नव्हेत, हे किशोरवयात आईच्या तोंडून कळल्याची हकीकत ती आवाज न चढवता सांगते. कळल्यावरही वडील म्हणून तिने त्यांनाच मानलं. आईविषयी तक्रार आहे, पण तिची नालस्ती नाही. पुस्तक संपतं ते तान्ह्या मुलीला घेऊन हॉलिवूडला निघताना, म्हणजे इतर नट्यांची आत्मचरित्रं जिथे रंगात येतात तिथेच. एमाबरोबर लिहिलेला दुसरा भाग 'होम वर्क' (२०१९) तिच्या रोजनिशांवर बेतलेला आहे. त्यात माहिती भरपूर, पण पहिल्या भागातली ओल कमी वाटते.

गाणं थांबलं तरी रंगमंच सुटला नाही. २००३मध्ये तिने 'द बॉय फ्रेंड' दिग्दर्शित केलं, तेही एमाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सॅग हार्बरच्या बे स्ट्रीट थिएटरमध्ये. २०१६मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये 'माय फेअर लेडी' बसवलं. मॉस हार्टने शिकवलेली एलायझा साठ वर्षांनी तिने एका नव्या मुलीला शिकवली.

२०२०पासून 'ब्रिजर्टन' या मालिकेत तिचा आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये या आवाजासाठी तिला एमी पुरस्कार मिळाला. नव्वदी पुरी व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. ती आवाज देते लेडी व्हिसलडाउनला. आणि ही व्हिसलडाउन पडद्याआड बसून लिहिणारी बाई आहे.