चर्चासत्र आणि पर्यायी अर्थविचार

‘चर्चासत्र’ या अर्थाने पाश्चात्त्य विद्यापीठांत रूढ असलेला ‘सेमिनार’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ रोपांचा वाफा असा आहे. वाफ्यात पीक काढावयाचे नसते; पुढे शेतात लावावयाची रोपे तेथे तयार करावयाची असतात. अर्थशास्त्रात प्रस्थापित सिद्धान्तांहून निराळा विचार जेव्हा जेव्हा पुढे आला, तेव्हा त्याची पहिली रुजवण पुष्कळदा अशाच वाफ्यात, म्हणजे व्याख्यानात किंवा मोजक्या अभ्यासकांच्या चर्चेत, झालेली आढळते. या चर्चांत नेमके काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे त्याचे लक्ष मुख्यतः शब्दांकडे राहील, हे वाचकांनी गृहीत धरावे.

पहिले उदाहरण आपल्याच प्रांतातले. 1892 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्र या विषयावर व्याख्यान दिले. इंग्रजी अभिजात संप्रदायाचे सिद्धान्त सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडतात, या समजुतीची त्यांनी त्यात चिकित्सा केली. त्यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडील शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे त्यांनी प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला. मनुष्य प्रामुख्याने स्वहिताच्या प्रेरणेने वागतो. खुल्या स्पर्धेतून सर्वांचे हित साधते. भांडवल आणि श्रम यांना एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात सहज जाता येते. अशी त्या संप्रदायाची गृहीतके त्यांनी एकेक करून सांगितली. मग त्यांनी दाखविले की, ती कोणत्याच समाजात पूर्णांशाने खरी नसतात, आणि जेथे व्यक्तीपेक्षा कुटुंब व जात प्रबळ, स्पर्धेपेक्षा रूढी प्रबळ, अशा हिंदुस्थानात तर फारच थोडी खरी ठरतात.

हा केवळ पांडित्याचा वाद नव्हता. 1876 ते 1878 या वर्षांतील दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत असता, धान्याच्या खाजगी व्यापारात हात घालावयाचा नाही, असे सरकारचे धोरण होते. त्या धोरणाला आधार होता तो याच सिद्धान्तांचा. ‘व्यापार आपोआप पुरवठा करील’ या वाक्यात ‘आपोआप’ हा एकच शब्द किती भार वाहत होता, हे रानड्यांच्या श्रोत्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

दुसरे उदाहरण केंब्रिजचे. 1930 साली केन्स यांचा पैशावरील द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. लगेच रिचर्ड कान, जोन रॉबिन्सन, ऑस्टिन रॉबिन्सन, पिएरो स्राफा आणि जेम्स मीड ही तरुण मंडळी त्यावर चर्चा करण्यासाठी जमू लागली. स्वतः केन्स या बैठकींना नसत. चर्चेचा निष्कर्ष कान त्यांना कळवीत. ग्रंथातील काही युक्तिवाद एकूण उत्पादन स्थिरच राहते असे धरून चालले आहेत, हे या मंडळींनी दाखवून दिले. मंदीत तर उत्पादनच घसरत होते. 1936 साली केन्स यांचा जो नवा ग्रंथ आला, त्याच्या घडणीत या आक्षेपाचा मोठा वाटा आहे. त्या ग्रंथाने ‘अनैच्छिक बेकारी’ ही संज्ञा विचाराच्या मध्यभागी आणली. काम नसलेला मनुष्य कमी मजुरी पत्करीत नाही म्हणून रिकामा आहे, की त्या मजुरीवरही काम मिळत नाही म्हणून? एका विशेषणाने दोष व्यक्तीवरून व्यवस्थेवर सरकला, आणि सरकारच्या कर्तव्याची व्याप्तीही बदलली.

तिसरे उदाहरण कोलंबिया विद्यापीठाचे. कार्ल पोलान्यी यांनी 1953 नंतर तेथे मानवशास्त्रज्ञ, इतिहासकार व अर्थशास्त्रज्ञ यांच्यासह प्राचीन अर्थव्यवस्थांचा संयुक्त अभ्यास चालविला. त्याचा ग्रंथ 1957 साली निघाला. पोलान्यी यांचा मुद्दा शब्दार्थाचाच होता. ‘आर्थिक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, असे ते म्हणत. एक तार्किक: तुटपुंजी साधने आणि अनेक साध्ये यांतून निवड करणे. दुसरा वास्तविक: निसर्ग आणि इतर माणसे यांच्या आधारे उपजीविका चालविणे. बाजाराच्या युगात हे दोन्ही अर्थ एकत्र आले, म्हणून ते नेहमीच एक होते असे आपल्याला वाटते.

हा भेद आपल्याकडील बलुतेपद्धतीला लावून पाहावा. गावचा लोहार नांगराचा फाळ शेवटून देई, पण त्या प्रत्येक कामाची ‘किंमत’ घेत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर त्याला धान्याचा ठरलेला वाटा मिळे. या व्यवहाराला विक्री म्हटले की त्याचे स्वरूपच हरवते. मात्र तो बाजार नव्हता, एवढ्यावरून तो न्याय्य होता असे ठरत नाही. याच व्यवस्थेतील महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांना 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडावे लागले. पर्यायी विचार म्हणजे जुन्याचे गुणगान नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या तीन उदाहरणांवरून चांगल्या चर्चेची लक्षणे सांगता येतात. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा रूपात आधी मांडले जाते. वादाचा भर ज्या शब्दावर आहे, तो शब्द उकलून पाहिला जातो. आणि निष्कर्ष अनुभवाच्या कसाला लावला जातो. ही लक्षणे नसतील, तर पर्यायी म्हणविणारे चर्चासत्र हा समविचारी लोकांचा मेळावा होतो. तेथे टाळ्या मिळतात, आक्षेप मिळत नाहीत. केंब्रिजच्या मंडळींनी आक्षेप घेतला तो आपल्याच गुरूच्या ग्रंथावर, हे विसरता कामा नये.

2000 साली फ्रान्समधील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, आणि 2014 साली अनेक देशांतील विद्यार्थी-संघटनांनी, अभ्यासक्रमात एकाहून अधिक विचारपरंपरांना स्थान मिळावे अशी मागणी केली. मराठीतून अध्यापन करणाऱ्यांवर यात एक विशेष जबाबदारी येते. इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द योजताना तिच्या पोटातील गृहीतकही आपण नकळत उचलतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात घरात स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीचे श्रम धरले जात नाहीत. तेच काम पगारी स्वयंपाकीण करील तर धरले जातात. पिगू यांनी 1920 सालीच ही विसंगती नोंदविली होती. तेव्हा ‘उत्पादक’ हा शब्द फळ्यावर लिहिताना, त्यातून कोण वगळले गेले, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला पाहिजे, आणि तो विचारण्यास वर्गात अवकाश ठेवणे हे अध्यापकाचे काम आहे.